घाटाची कवडी

धुळ्याहून तापीच्या अंगाने जळगाव-भुसावळकडे निघालं तर रस्ता सपाट. बाकी कुठल्याही दिशेला तोंड करा, डोंगर आडवा येतो. उत्तरेला इंदूरच्या वाटेवर सेंधव्याचा घाट, पश्चिमेला सुरतेकडे जाताना कोंडाईबारी, मालेगावच्या अंगाला लळिंगची बारी, चाळीसगावहून दक्षिणेला कन्नडचा घाट आणि जळगावकडून जाल तर फर्दापूर सोडल्यावर अजिंठ्याचा. वर सातपुडा, खाली सातमाळा-अजिंठ्याची रांग, मावळतीला सह्याद्रीचे फाटे, आणि मध्ये आमचा खानदेश. मी एस.टी.चा चालक, धुळे डेपोचा. नोकरी सगळी या पाच दारांतून माणसं आत-बाहेर नेण्यात गेली.

प्रत्येक घाटाचा स्वभाव निराळा. सेंधव्याचा लांब आणि फसवा. चढ डोळ्यांना जाणवत नाही, म्हणून नवखा गडी वरच्या गिअरमध्ये रेटत राहतो आणि मग इंजिन उकळलं की डबा घेऊन पाणी शोधत फिरतो. उतरताना तर जास्तच जपायचं. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर नुसतं पाय ठेवून बसायचं नाही, नाहीतर लायनर तापून जळका वास पार मागच्या बाकापर्यंत जातो आणि म्हाताऱ्या बाया देवाचं नाव घ्यायला लागतात. कन्नडचा घाट अरुंद, एका हाताला कातळ नि दुसऱ्या हाताला दरी. तिथे ऊस भरलेला ट्रक वळणावर अडकला की रात्र तिथेच काढायला लागायची. कोंडाईबारीत पावसाळ्यात समोरचं दिसत नाही. लळिंगला आता घाट म्हणावं असं फारसं उरलेलं नाही, महामार्ग रुंद झाला तशी बारी सपाट झाली.

सेंधव्याच्या घाटात बिजासनी मातेचं देऊळ आहे. इंदूरकडचे ट्रकवाले तिथे थांबल्याशिवाय पुढे जात नाहीत. नारळ फोडायचा, त्याचं पाणी चाकावर शिंपडायचं, खोबऱ्याचा तुकडा क्लीनरच्या हातावर ठेवायचा आणि निघायचं. फारच घाई असली तर खिडकीतून नाणं. आमचे एक वाहक दर वेळी कुरकुरायचे, की हा थांबा कागदावर कुठे दाखवायचा? पण गाडी थांबवू नका असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

निवृत्तीनंतर मी राजवाडे मंडळात जाऊन बसायला लागलो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच वारले, आणि पुढच्याच साली त्यांच्या दप्तरासाठी हे मंडळ उभं राहिलं. तिथे विद्वान येतात ते वंशावळ्या आणि सनदा बघायला. माझा प्रश्न डायव्हरचा होता. डांबर नव्हतं, डिझेल नव्हतं, तेव्हा या घाटांतून माल सुखरूप कोण पोचवत होतं, आणि त्याला पैसे कोण देत होतं?

सगळ्यात जुनं उत्तर कन्नड घाटाच्या पायथ्याच्या आसपासच मिळतं. चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या कुशीत पाटणा गाव आहे. पाटणादेवीचं, म्हणजे चंडिकेचं देऊळ तिथेच. आज ते गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतं. श्रावणात धबधबे बघायला चाळीसगावची पोरं मोटारसायकली काढून येतात. देवळाच्या अंगाने वर चढत गेलं की पितळखोऱ्याची लेणी लागतात. इसवी सनाच्या आधीची. त्यांच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, आणि त्यात पैठणचा मितदेव नावाचा गंधिक आहे, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. तिथल्याच एका मूर्तीवर कान्हदास सोनाराचं नाव आहे. पैठणच्या अत्तरवाल्याने या रानात येऊन खांब का द्यावा? याला दुसरं कारण मला तरी दिसत नाही. त्याचा माल इथून उतरत असणार. ज्या वाटेने पोट भरतं त्या वाटेवर माणूस काहीतरी ठेवून जातो. आमचे ट्रकवाले नारळ ठेवतात, त्याने खांब ठेवला.

पाटण्याचं खरं धन मात्र त्यानंतर हजारावर वर्षांनी आलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांना तिथल्या पडक्या देवळात एक शिलालेख मिळाला. शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ चा. 'सिद्धांतशिरोमणी' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. यादवांचे मांडलिक निकुंभवंशी सोइदेव आणि त्याचा भाऊ हेमाडिदेव यांनी मठाला देणग्या दिल्या. ही गोष्ट आता शाळेच्या पुस्तकांतूनही येते. लेखाचा शेवट मात्र फार लोक वाचत नाहीत. वरचं संस्कृत संपतं आणि शेवटच्या ओळी त्या काळच्या मराठीत येतात. त्यांत देणगीचा हिशेब आहे. या पाटणात जो माल विक्रीला उघडला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जो हिस्सा यायचा, तो मठाला दिला. तेलाच्या घाण्यांवरूनही मठाला तेल नेमून दिलं.

देवाधर्माचं आणि राजाच्या पराक्रमाचं संस्कृतात, आणि पैशाअडक्याचं मराठीत, कारण पैसे ज्यांच्याकडून घ्यायचे त्यांना कळलं पाहिजे. मला हे फार आवडलं. सूर्यग्रहणाचं गणित शिकणाऱ्या पोरांची रोजची भाकर घाटाखालच्या बाजारातल्या जकातीवर चालत होती. आज पाटण्यात बाजार नाही. दगड आहेत, देऊळ आहे, हेमाडपंती म्हणून दाखवतात ते खांब आहेत, आणि वनखात्याच्या पाट्या आहेत. वाट दुसरीकडे वळली की बाजार उठतो, आणि बाजार उठला की मठात कोण बसणार?

मधली काही शतकं मी धावती घेतो. फारुकी सुलतानांनी लळिंग आणि थाळनेर धरलं ते उगाच नाही. लळिंगच्या किल्ल्यावर उभं राहिलं की दक्षिणेकडून येणारी बारी तळहातावर दिसते. मोगलाईत सुरत ते बऱ्हाणपूर हा हमरस्ता आमच्या नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपड्यावरून जायचा. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए त्या वाटेने गेला आणि नवापूरच्या तांदळाच्या सुवासाबद्दल लिहून गेला. नवापूरला मुक्कामी गाडी घेऊन गेलेल्या कुठल्याही चालकाने ते न वाचताच सांगितलं असतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तो आहे भिल्लांचा.

घाटाचं रान भिल्लांचं. राजा कोणीही असो, दिल्लीचा, बऱ्हाणपूरचा की पुण्याचा, घाटाच्या तोंडाशी त्याचं राज्य पातळ व्हायचं आणि आत नाईकाचं सुरू व्हायचं. व्यापाऱ्याला हे ठाऊक होतं. अहिल्याबाई होळकरांनीही ते ओळखलं. इंग्रज अधिकारी माल्कम साहेबाने १८२३ साली छापलेल्या मध्य हिंदुस्थानवरच्या ग्रंथात तो प्रकार नोंदवून ठेवला आहे. बाईंनी आधी भिल्लांवर सक्ती करून पाहिली, ती चालली नाही. मग त्यांचा जुना हक्क मान्य केला. डोंगरातून जाणाऱ्या मालावर भिल्लांनी थोडीशी पट्टी घ्यावी. तिला म्हणायचे भीलकवडी. त्याच्या बदल्यात त्यांनी वाट राखायची, पडीक जमीन लावायची, आणि आपल्या हद्दीत चोरी झाली तर माल शोधून द्यायचा किंवा भरून द्यायचा.

हे कलम नीट बघा. चोरी झाली तर भरपाई राखणदाराने द्यायची. आज टोलनाक्यावर पैसे भरून पुढच्याच खड्ड्यात ज्याचा पाटा तुटतो, त्याने ही अट एकदा मोठ्याने वाचावी.

सेंधवा होळकरांचं. खाली खानदेशातही नाईकांचे असेच हक्क होते, कुठे गावाकडून धान्य, कुठे रोकड, कुठे दर बैलामागे काही. लमाणांचे तांडे मीठ घेऊन वर जायचे, धान्य घेऊन खाली यायचे, आणि पट्टी देऊन मोकळे व्हायचे. भांडणं व्हायची, लूटही व्हायची. पण वाट चालू राहायची.

मोडलं ते १८०३-०४ मध्ये. होळकर-शिंद्यांच्या झगड्यात खानदेश तुडवला गेला, त्यावर दुष्काळ पडला, गावंच्या गावं ओस झाली. ज्या गावांतून नाईकांचे हक्क यायचे तीच उठली, तेव्हा भिल्ल खाली उतरून लुटायला लागले. पेशव्यांचा अंमलदार बाळाजी लक्ष्मण याने त्यावर जो उपाय केला तो लिहायला हात जड होतो. कोपरगावला अभयाचं वचन देऊन भिल्लांना बोलावलं, घेरून कापलं आणि प्रेतं विहिरींत टाकली. चाळीसगाव, धरणगाव, अंतूरचा किल्ला, सगळीकडे असाच दगा झाला. हे लिहून ठेवलं इंग्रजांनी, आणि पेशवाईची बदनामी करण्यात त्यांचा फायदा होता हेही मला कळतं. पण नुसतं तेवढं म्हणून ते बाजूला सारता येत नाही. या सगळ्यानंतर पंधरा वर्षं खानदेशातून माणूस दिवसाउजेडीसुद्धा एकटा फिरत नव्हता.

१८१८ ला इंग्रज आले. पहिला अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज, ठाणं धुळे. त्याने एका हाताने फौज पाठवून डोंगराच्या वाटा अडवल्या, धान्य वर जाऊ दिलं नाही. सातमाळ्यातल्या चिल नाईकाला पकडून १८१९ मध्ये फाशी दिलं. दुसऱ्या हाताने जे नाईक शरण आले त्यांचे जुने हक्क मोजून तनखे बांधून दिले आणि घाट राखायचं काम पुन्हा त्यांच्याच गळ्यात घातलं. अहिल्याबाईंचीच रीत, फक्त शिक्का नवा. तनखा वेळेवर पोचायचा तिथे शांतता असायची, नाही पोचला की पुन्हा धामधूम.

मग १८२५ मध्ये जेम्स औट्रम आला. वय बावीस. चाळीसगाव-कन्नडच्या घाटाला अजून त्याचं नाव आहे. आमच्या वेळच्या जुन्या चालकांच्या तोंडी औट्रम घाटच असायचं, हा औट्रम कोण याच्याशी कोणालाच घेणं नव्हतं. त्याला सांगितलं होतं की भिल्लांचीच पलटण उभी कर. त्याने सातमाळ्यातल्या टोळीवर आधी हल्ला केला, आणि मग त्याच माणसांत जाऊन राहिला. भरती अगदी बोटांवर मोजण्याइतक्या गड्यांपासून सुरू झाली. गोळा करायचं त्याचं साधन म्हणजे शिकार. एक गोष्ट त्याच्या चरित्रात येते. वाघ कपारीत शिरला होता, वरून नेम बसेना. भिल्लांनी आपली पागोटी सोडून त्यांना पीळ घालून दोर केला, एक टोक झाडाला बांधलं, दुसऱ्याला साहेबाला कमरेला बांधून कड्यावरून खाली सोडलं, आणि त्याने लोंबकळत वाघ मारला. साहेबाच्या धाडसाची गोष्ट म्हणून ती छापतात. मला त्यात पागोटी दिसतात. ज्याला काल-परवा मारायला निघाले होते त्याचा जीव वर ती पागोटी धरून उभ्या असलेल्या माणसांच्या हातात होता. सोडायचं असतं तर सोडलं असतं. खानदेशात होता त्या दहा वर्षांत दीडशेच्या वर वाघ त्याच्या शिकारीत पडले. आज सातपुड्यात वाघ दिसला की पेपरात फोटो येतो, तो त्याच हिशेबाचा शेवट आहे.

भिल्ल पलटणीचं ठाणं ठेवलं धरणगावला. ज्या गावात वीस वर्षांपूर्वी भिल्लांना दगा देऊन मारलं होतं त्याच गावात भिल्ल आता सरकारी बंदूक घेऊन पहारा करू लागले. पलटण पहिल्यांदा मालेगावच्या छावणीत गेली तेव्हा औट्रमच्या मूळ रेजिमेंटच्या शिपायांनी, त्यात वरच्या जातीचे बरेच, भिल्लांना आपल्याजवळ बसवून विडा-सुपारी दिली. ही नोंद मला तनख्यांच्या सगळ्या कोष्टकांपेक्षा मोठी वाटते. पुढे हीच पलटण डांगात आणि सातपुड्यात आपल्यासारख्याच लोकांवर चालून गेली, हेही त्याच खात्यात लिहायला हवं.

याच बंदोबस्तात सेंधव्याच्या घाटाची राखण गुमान नाईकाकडे होती. तो गेला आणि जागा त्याच्या मुलाकडे आली. मुलाचं नाव खाज्या नाईक. वीस वर्षं त्याने घाट राखला, आणि चांगला राखला असं इंग्रजांचेच कागद सांगतात. मुंबई-आग्रा रस्त्याने तेव्हा माळव्याची अफू मुंबईकडे उतरायची आणि रोकड वर जायची. दोन्ही त्याच्या नजरेखालून. मग एका चोराला पकडून मारहाण केली, त्यात तो मेला. खाज्या नाईकाला दहा वर्षांची शिक्षा झाली. नाईकाने घाटात चोराला ठोकणं हे त्याच्या बापाच्या काळी काम होतं, आता तो खून ठरला. मुदतीच्या आधी सोडलं. १८५७ मध्ये उत्तरेकडे बंडाळी पेटली तशी सरकारला घाटाची काळजी लागली आणि त्याला परत घाटावर नेमलं.

आमच्या खात्यातही असं होतं. निलंबित केलेल्या माणसाला दिवाळीच्या गर्दीत जादा गाडीवर बोलावतात आणि तो हसत हसत येतो, असं त्यांना वाटतं.

खाज्या नाईक फार दिवस राहिला नाही. भीमा नाईकासारखे लोक मिळाले, शेकडो भिल्ल जमले, शिरपूर लुटलं, घाट बंद झाला, तारा तुटल्या. नोव्हेंबरमध्ये मुंबईकडून इंदूरच्या पेढ्यांकडे निघालेला सात लाखांचा खजिना घाटात अडवला. कोणत्या वळणावर काय करायचं हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. वीस वर्षं असाच खजिना त्याने स्वतः पार करून दिला होता. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात आंबापाणीला लढाई झाली. खाज्याचा मुलगा पडला. पकडलेल्या कित्येकांना तिथेच गोळ्या घातल्या, बायकापोरांना कैद केलं. स्वतः खाज्या निसटला. १८६० मध्ये त्याच्याच आसऱ्याला आलेल्या एका मकराणी जमादाराने त्याला दग्याने मारलं.

शिरपूर-सेंधवा गाडीवर असताना पाड्यांवरचे म्हातारे चढायचे. त्यांच्या बोलण्यात खाज्या नाईक यायचा तो काल-परवा गेलेल्या शेजाऱ्यासारखा. 'त्याचा घाट होता,' असं म्हणायचे. सरकारचा घाट असं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

त्यानंतर घाटांचा जोरच गेला. रेल्वे १८६० च्या सुमाराला चाळीसगाव-भुसावळला आली, आणि पुढच्या दशकात खंडव्यावरून इंदूरला पोचली. कापूस, अफू, रोकड सगळं रुळावर गेलं. १८९१ मध्ये भिल्ल पलटण पोलिसांत विलीन केली. घाट मग साहेबांच्या शिकारीला आणि हवा खायला उरले. लळिंगच्या जंगलात लांडोर बंगला आहे तो त्याच चालीचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले तेव्हा ३१ जुलै १९३७ ला त्या बंगल्यात थांबले होते. त्यामुळे त्या डाकबंगल्याचं नशीब बदललं. दर वर्षी ३१ जुलैला धुळ्याहून माणसांच्या रांगा लागतात, आणि शिकारी साहेबांपैकी एकाचंही नाव कोणाला सांगता येत नाही.

तोरणमाळचंही थोडं तसंच आहे. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत ते धुळ्याचंच होतं. थंड हवेचं ठिकाण म्हणून त्याच्या जाहिराती निघतात, तलावाकाठी बसायला माणसं येतात, सीताखाईत डोकावतात, सेल्फी काढतात, संध्याकाळी परत. शहाद्याहून वर जाणाऱ्या गाडीवर मात्र खरी गर्दी महाशिवरात्रीला. गोरखनाथाच्या यात्रेला मध्य प्रदेश, गुजरातमधून पावरा आणि भिल्ल डोंगर तुडवत येतात, कित्येक जण पायीच. त्यांच्याकडे बघून मला कधी वाटलं नाही की हे हवापालटाला आले आहेत. तो त्यांचा येण्याजाण्याचा डोंगर आहे. हवापालट आमचा.

रस्त्यावरचा खजिना म्हटला की आम्हा धुळेकरांना आणखी एक तारीख आठवते. १४ एप्रिल १९४४. धुळ्याहून नंदुरबारला मोटारीने निघालेला साडेपाच लाखांचा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी लुटला. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड आणि त्यांचे साथी, सोबत खानदेशातले कार्यकर्ते. पैसा प्रतिसरकारच्या कामाला गेला. तिथे घाट नाही, साधं माळरान आहे. मला त्या दिवशीच्या ड्रायव्हरबद्दल कुतूहल आहे. त्याने संध्याकाळी घरी जाऊन काय सांगितलं असेल?

नाईकांचा काळ संपल्यावर घाटाच्या वाटेवर रोज नजर ठेवणारा माणूस मी पाहिला तो मैलकुली. बांधकाम खात्यात हे पद होतं. रस्त्याचा ठरावीक तुकडा एका माणसाला नेमून दिलेला. फावडं, घमेलं, कुदळ. खड्डे भरायचे, चर मोकळे करायचे, पडलेली झाडं-दगड बाजूला करायचे. कन्नड घाटात माझ्या सुरुवातीच्या वर्षांत असा एक म्हातारा होता, भिल्लच, डोक्यावर पोत्याची खोळ, हातात लाल फडकं बांधलेली काठी. एकदा श्रावणात चाळीसगावकडे उतरत होतो. पाऊस थांबलेला, ऊन पडलेलं, गाडी भरलेली. बाबा वळणाच्या मधोमध उभा. काठी आडवी.

"काय झालं, बाबा?"

"थांब भाऊ. पानी पडी ऱ्हायनं."

मी वर बघितलं. आभाळ निळं. तो म्हणाला, आठे नाही, वर. मग त्याने कातळाच्या बुडाशी असलेल्या चराकडे बोट दाखवलं. चरातून पाणी वाहत होतं ते गढूळ, लालसर, आणि त्यात बारीक खडे लोळत येत होते. सकाळी ते नितळ होतं म्हणे. डोंगरमाथ्यावर कुठेतरी माती सुटली होती. आम्ही इंजिन बंद करून बसलो. प्रवाशांनी मला आणि त्याला दोघांनाही नावं ठेवली. पुढच्या वळणावर दगड-मातीचा ढीग रस्त्यावर आला तेव्हा आवाज फार मोठा झाला नाही, वाळूचा ट्रक रिकामा करताना होतो तेवढाच. बाबाने फावडं खांद्यावर टाकलं आणि तिकडे चालू लागला. त्याचा पगार किती होता मला माहीत नाही, पण त्या बसमधल्या कोणाहीपेक्षा कमीच असणार.

ते लोक एकेक करून निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागी माणूस काही मला दिसला नाही. आता रस्त्याची देखभाल ठेक्याने होते, मशीन येतं, काम करून जातं. चराचं पाणी रोज बघणारं कोणी नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावकडे ढग फुटले, गावात पूर आला आणि कन्नडच्या घाटात ठिकठिकाणी दरड कोसळून गाड्या अडकल्या. घाट बरेच दिवस बंद. २०२३ मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने जड वाहनांना तिथे बंदी झाली. त्याच साली जुलैच्या सुरुवातीला सेंधव्याच्या बाजूने उतरणारा एक कंटेनर ब्रेक निकामी होऊन पळासनेरला हॉटेलात घुसला, दहा तरी माणसं गेली. तिथला उतार मी टायरखाली मोजलेला आहे. पेपरात ब्रेक फेल एवढंच येतं. वर कोणी गाड्या थांबवून लायनर थंड करायला लावत होतं का, हे बातमीत नसतं.

कन्नड घाटाला बोगदा करायचं बरीच वर्षं चाललं आहे. व्हावा, माझी हरकत नाही. गेल्या हंगामात मी नातवाला घेऊन पाटण्याला गेलो होतो, परत येताना मुद्दाम घाटाच्या पायथ्याशी थांबलो. सीताफळांच्या पाट्या घेऊन बाया बसल्या होत्या. जड गाड्या बंद झाल्यापासून गिऱ्हाईक निम्म्यावर आलं म्हणत होत्या. ट्रकवाले एकदम पाटी उचलायचे, कारवाले चार फळं दाबून बघतात. मी त्यातल्या एका म्हातारीला विचारलं, बोगदा झाला तर काय करशील, मावशी?

"गाड्या बोगदामा गयात तं मी सीताफळं कोनले इकू?"

मग तिने पाटीचा भाव सांगितला. मी म्हटलं, चाळीसगावच्या बाजारात याच्या निम्म्यात मिळतात.

"गावमा स्वस्तच भेटतीन," ती म्हणाली. "आठे घाटना भाव शे."

नातू माझ्या तोंडाकडे बघत होता. मी खिशात हात घातला आणि सांगितला तेवढा भाव दिला.